‘वयोमानाने होते’ असे म्हणण्यापूर्वी

पक्षाघाताची शंका असलेला रुग्ण इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आणला की डॉक्टर सोबत आलेल्यांना एक प्रश्न हमखास विचारतात : हे शेवटचे ठीक केव्हा दिसले होते? प्रश्न साधा आहे. पुढचा उपचार मात्र त्याच्या उत्तरावर ठरतो. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रात्री जेवून झोपलेल्या वृद्धाचा उजवा हात सकाळी उचलत नसेल, तर वेळ सकाळपासून नव्हे, रात्री तो अखेरचा ठीक दिसला तेव्हापासून मोजली जाते. विशेष तपासण्यांच्या आधारे काही रुग्णांना त्यानंतरही उपचार मिळू शकतो. पण घरात दुसरे कोणीच नसेल तर मोजणी कुठून सुरू करायची, हेच ठरत नाही.

गोव्यात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. 2011च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण 11.2 टक्के होते, देशाचे 8.6 टक्के. केरळनंतर गोव्याचाच क्रमांक लागत होता. पुढची जनगणना लांबली, वय मात्र थांबलेले नाही. मुले आखातात, बोटीवर, पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये, नाही तर पुण्या-बंगळुरूला. पेडण्यापासून काणकोणपर्यंत मोठाल्या घरांत एक किंवा दोन म्हातारी माणसे राहतात, आणि त्यांना रोज न चुकता पाहणारा माणूस पुष्कळदा सायकलवरून येणारा पोदेर असतो.

अशा घरांत सर्वाधिक चालणारे निदान म्हणजे ‘वयोमानाने होते’. ते दरवेळी चुकीचे नसते, म्हणूनच घातक ठरते. गुडघे वर्षानुवर्षे थोडे थोडे कुरकुरत जाणे, ऐकू कमी येऊ लागणे, पहाटे चारला जाग येणे, परिचिताचे नाव चटकन न आठवता तासाभराने आठवणे, यांसाठी रात्री गाडी काढण्याची गरज नसते. पुढच्या खेपेस डॉक्टरांच्या कानावर घालावे, एवढेच. वय हळूहळू चालते. जे काल नव्हते आणि आज आहे, त्याचा दोष वयावर टाकता येत नाही.

अडचण अशी की म्हातारपणी आजार आपले ओळखीचे रूप टाकून येतो. तरुणाला न्यूमोनिया झाला तर ताप चढतो, थंडी वाजते, खोकला येतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला त्याच न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. तो जेवणाचे ताट बाजूला सारतो, अंथरुणातून उठत नाही, किंवा अचानक असंबद्ध बोलू लागतो. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गही कधी कधी असाच प्रकट होतो. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण गोव्यात दरवर्षी आढळतात, त्या दिवसांत तर थर्मामीटरवरच्या आकड्यावर विसंबून राहणे विशेष धोक्याचे.

या असंबद्ध बोलण्याबद्दल जुनी माणसे ‘वात झाला’ म्हणत. शब्द जुना असला तरी निरीक्षण अचूक होते : शरीरात काहीतरी बिघडले की बुद्धीवर सावट येते. आज मात्र अशा रुग्णाला चटकन ‘स्मृतिभ्रंश’ हे लेबल चिकटवले जाते. दोन्हींत फरक काळाचा आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो. काल सकाळी वर्तमानपत्र वाचणारी आजी आज संध्याकाळी नातवाला ओळखत नसेल, दिवसा गुंगीत आणि रात्री अस्वस्थ असेल, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची किंवा सोडियमची घट, तुंबलेली लघवी, नवे औषध किंवा मेंदूतील रक्तस्राव यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी इस्पितळ गाठले पाहिजे. कारण सापडले तर पुष्कळ वेळा माणूस पूर्ववत होतो.

रक्तातील साखर उतरणे हेही त्यातलेच एक कारण, आणि ते गोव्याच्या जिव्हाळ्याचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : 26.4 टक्के. श्रावणातला सोमवार किंवा एकादशी पाळायची, जेवण सोडायचे, पण गोळी नेमाने घ्यायची, असे अनेक घरांत घडते. दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखर-पाणी ताबडतोब द्यावे. त्याने बरे वाटले तरी विषय संपत नाही. काही गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता 108ला फोन करावा.

हृदयविकाराचा झटकाही वृद्धांना, विशेषतः मधुमेहींना, फसव्या रूपात येतो. छातीत कळ येतेच असे नाही. चार पावले चालल्यावर धाप, गार घाम, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, मळमळ किंवा एकाएकी गळून जाणे. मग ‘गॅस झाला’ म्हणून सोडा, ओवा, जिरेपाणी यांत रात्र जाते. राज्यात ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पाखाली परिघावरच्या सरकारी केंद्रांत ईसीजी काढून गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्याची आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच देण्याची सोय झालेली आहे. म्हणजे वाळपईच्या किंवा काणकोणच्या रुग्णासाठी बांबोळीचे अंतर पूर्वीइतके निर्णायक उरलेले नाही. निर्णायक आहे तो जिरेपाण्यात गेलेला वेळ.

पडण्याकडेही असेच दुर्लक्ष होते. न्हाणीघरात घसरल्यानंतर उभे राहता येत नसेल, पाय आखूड वाटत असेल, पाऊल बाहेर वळले असेल, तर खुब्याजवळचे हाड मोडले असण्याची दाट शक्यता असते. अशा पायाला चोळणे किंवा पट्टा बांधून पडून राहणे म्हणजे न्यूमोनिया आणि अंथरुणातल्या जखमांना बोलावणे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी, असा वैद्यकीय संकेत आहे. डोक्याला मार लागला असेल आणि माणूस रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर बाहेर साधे टेंगूळ नसले तरी तपासणी हवी. कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी डोकेदुखी, झोपाळूपणा, अडखळती चाल अशा रूपात बोलू लागते. तोवर घरातले सगळे ते पडणे विसरलेले असतात. आणि मुळात तोल का गेला? पायपुसण्याला दोष देऊन मोकळे होण्याआधी उभे राहताना रक्तदाब घसरतो का, हे पाहायला हवे.

ते घसरण्यामागे बरेचदा गोळ्याच असतात. हृदयाचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा, झोपेची गोळी शेजाऱ्याच्या शिफारशीने आणि अंगदुखीची थेट फार्मसीतून. एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जात असल्याची उदाहरणे विरळ नाहीत. अंगदुखीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने मूत्रपिंडे खालावतात, पोटात रक्तस्राव होतो. डांबरासारखी काळी शौचास होणे ही त्याची खूण, आणि तीही तातडीचीच (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण तो निवाडा घरी करू नये). लघवी वाढवणारी गोळी चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या तर ती चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी विचारावे. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते; ‘तहान नाही’ या उत्तराला त्यामुळे फारसा अर्थ नसतो.

संथ गतीने येणारे आजार मात्र रोज पाहणाऱ्यालाही चकवतात. चतुर्थीला घरी आलेल्या मुलाला बापाच्या सदऱ्याची गळपट्टी सैल झालेली दिसते. शेजाऱ्याला ती वर्षभर दिसलेली नसते. प्रयत्न न करता उतरलेले वजन, तीन आठवड्यांवर लांबलेला खोकला, नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता, गिळताना अडकणे, भजनाला जाणारा माणूस घरातच बसू लागणे : यांपैकी एकासाठीही 108 लागत नाही, पण चतुर्थीची रजा संपण्याआधी डॉक्टरांची भेट व्हायला हवी. क्षयरोग, कर्करोग आणि नैराश्य हे तिन्ही याच वाटेने येतात. नैराश्याला तर वयाचा सर्वांत भक्कम आडोसा मिळतो.

शासन या सगळ्यात कुठे आहे? ऑक्टोबर 2024मध्ये केंद्राने सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे कवच दिले. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना त्याआधीपासून आहे. ही मदत मोठी आहे, पण तिचा भर इस्पितळात दाखल झालेल्यावर खर्च करण्याचा आहे. दाखल व्हायला हवे हे कोणी ओळखायचे, याला तिच्यात स्थान नाही. 2010-11पासून चालू असलेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रमाच्या आराखड्यात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरभेटी आहेत. पण एकटे राहणारे आणि अजून चालते-फिरते असलेले वृद्ध त्या भेटींच्या कक्षेबाहेरच राहतात, आणि ‘शेवटचे ठीक केव्हा होते’ हा प्रश्न सर्वाधिक अडतो तो त्यांच्याच बाबतीत.

त्यांना शोधण्यासाठी नवे सर्वेक्षण करण्याचेही कारण नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या ज्येष्ठ लाभार्थ्यांची नावे आणि पत्ते समाजकल्याण खात्याकडे आहेत. हे लाभार्थी हयात असल्याचा दाखला सरकार दर वर्षी मागते. त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने त्यांचे वजन नोंदवले, रक्तदाब बसून आणि उभे राहून मोजला, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून पाहिली, आणि घरी सोबत कोण असते हे विचारून शेजाऱ्याचा फोन क्रमांक लिहून घेतला, तर पुढच्या वर्षी तुलना करायला निदान एक कागद हाती असेल.