गरोदरपणातील तीव्र उलट्या: उपचार मोफत आहेत, मग घरी का पाठवले जाते?

गरोदरपणाच्या सुरुवातीला मळमळ आणि उलट्या बहुतेक महिलांना होतात. थोडे थोडे खाल्ले, विश्रांती घेतली की त्या आवाक्यात राहतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत कमी होतात. पण शंभरात फार तर तीन महिलांचा त्रास याहून वेगळा असतो. त्यांच्या पोटात अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटही राहत नाही. या आजाराला डॉक्टर ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम’ म्हणतात. याला रुग्णालयातील उपचार लागतात आणि शासकीय रुग्णालयात ते मोफत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तरीही “पहिलटकरीण आहे, होतंच असं” असे सांगून अनेकींना परत पाठवले जाते. असे का होते आणि त्यावर काय करता येते, ते या लेखात पाहू.

साध्या उलट्या की आजार?

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा:

- २४ तासांत अन्न किंवा पाणी पोटात टिकलेले नाही.
- आठ तासांत लघवी झालेली नाही, किंवा ती फार कमी आणि गडद पिवळी आहे.
- उभे राहिल्यावर चक्कर येते, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते.
- गरोदरपणाआधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वजन घटले आहे. ४८ किलो वजन असेल तर सुमारे अडीच किलो.
- उलटीत रक्त दिसते, पोटात जोराने दुखते किंवा ताप आहे.
- बोलण्यात गोंधळ होतो, तोल जातो किंवा नजर दुहेरी होते. असे असेल तर एक तासही थांबू नका.

उपचार लांबले तर शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, मूत्रपिंडावर ताण येतो आणि बाळाची वाढ मंदावू शकते. हा आजार नाजूकपणा किंवा मनाचा खेळ नाही. गर्भ आणि वार यांच्याकडून रक्तात येणाऱ्या जीडीएफ१५ नावाच्या संप्रेरकाशी त्याचा संबंध असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे.

कोणत्या योजनेत काय मिळते?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (जेएसएसके). जून २०११ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात शासकीय आरोग्य संस्थेत औषधे, तपासण्या, दाखल असतानाचा आहार, गरज पडल्यास रक्त आणि रुग्णवाहिका मोफत आहे. सुरुवातीला भर प्रसूतीवर होता. २०१४ मध्ये गरोदरपणातील आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीही यात आल्या. तीव्र उलट्या ही गरोदरपणातील गुंतागुंतच आहे. दारिद्र्यरेषेची किंवा कितव्या बाळंतपणाची अट यात नाही.

सुमन. ऑक्टोबर २०१९ पासूनच्या या उपक्रमाचे दोन आधार आहेत: एकही पैसा खर्च नको आणि सेवा नाकारणे खपवून घेतले जाणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत किमान एक तपासणी आणि गुंतागुंतीवर उपचार यांची हमी यात दिली आहे.

आयुष्मान भारत (पीएम-जय). पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दाखल होऊन घेतलेले उपचार रोख पैसे न भरता मिळतात. खासगी रुग्णालयात जावे लागले तर आधी तेथील आरोग्यमित्राला भेटा आणि हा आजार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारा.

अडचण कुठे आहे?

आपल्याकडील बहुतेक मातृत्व योजना प्रसूतीभोवती उभ्या आहेत. जननी सुरक्षा योजनेची (२००५) रोख मदत रुग्णालयातील प्रसूतीशी जोडलेली आहे. त्याचा मोठा फायदा झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार संस्थेतील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. मात्र त्याच सर्वेक्षणात पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता ७० टक्केच आहेत. म्हणजे दहापैकी तिघी पहिल्या तीन महिन्यांत आरोग्य यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाहीत. हा आजार नेमका याच काळात, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होतो आणि नवव्या आठवड्याच्या आसपास वाढतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणीही दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतील महिलांसाठी आहे. सर्वाधिक त्रासाच्या आठवड्यांत ही सोय उपयोगी पडत नाही.

तिसरी अडचण बाह्यरुग्ण विभागाची. एक बाटली सलाईन लावून घरी पाठवले की कागदोपत्री ती महिला दाखल झालेली नसते. आयुष्मान भारतमध्ये बाह्यरुग्ण उपचार येत नाहीत, त्यामुळे खासगी ठिकाणी तो खर्च खिशातून जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच.

रुग्णालयात गेल्यावर काय कराल?

१. १०२ किंवा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवा. गरोदर असल्याचे आणि पाणीही टिकत नसल्याचे सांगा.

२. ‘उलट्या होतात’ एवढेच सांगू नका. किती वेळा, शेवटचे काय पोटात टिकले, लघवी केव्हा झाली आणि वजन किती घटले, हे सांगा. मागील तपासणीचे वजन लिहिलेला कागद सोबत ठेवा.

३. वजन, रक्तदाब, लघवी, रक्तातील सोडियम-पोटॅशियम आणि सोनोग्राफी यांबद्दल विचारा. जुळे गर्भ किंवा द्राक्षगर्भ असेल तर उलट्या जास्त होतात, म्हणून सोनोग्राफी महत्त्वाची.

४. अनेक दिवस काहीच टिकत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा वेळी ग्लुकोजच्या सलाईनआधी ब१ जीवनसत्त्व म्हणजे थायामिन द्यावे लागते. ते न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. गल्लीतल्या दवाखान्यात ‘ताकदीची बाटली’ लावून घेणे म्हणूनच टाळा.

५. उलट्या थांबवणारी, गरोदरपणात देता येणारी औषधे उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.

६. माता-बाल संरक्षण कार्डावर आजाराची नोंद करून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

नकार मिळाला तर

कार्ड नाही किंवा नोंदणी झालेली नाही, या कारणावरून उपचार थांबवता येत नाहीत. आधी उपचार, नोंदणी नंतर. औषध बाहेरून आणायला सांगितले तर चिठ्ठीवर तारीख, सही घ्या आणि पावती जपून ठेवा. आशा सेविकेला सोबत घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आयुष्मान कार्डाबाबत तक्रार असेल तर १४५५५ वर फोन करा.

मजुरी, रजा आणि स्थलांतर

मातृत्व लाभाच्या कायद्यात पात्र नोकरदार महिलेला गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी प्रसूती रजेशिवाय आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. शेतात, विटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या महिलेला अशी रजा नाही. तिच्यासाठी लवकर नोंदणी हाच आधार. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी मिळणाऱ्या ५,००० रुपयांपैकी ३,००० रुपये नोंदणी आणि एका तपासणीनंतर मिळतात.

बीडहून कर्नाटकात किंवा खानदेशातून सुरतेला कामाला गेलात तरी जेएसएसके तिथेही लागू आहे. माता-बाल कार्ड गावी ठेवून जाऊ नका.

पाळी चुकून आठवडा झाला की आशा सेविकेला कळवा. सासूबाई, जाऊबाई आणि घरातील पुरुषांनीही वरील लक्षणे वाचून ठेवावीत. पाण्याचा घोटही टिकत नसलेली बाई स्वतःसाठी भांडू शकत नाही. रुग्णालयात तिच्या वतीने बोलणारे कोणीतरी सोबत हवे.