छायाचित्र आणि खरेपणा

यंदां वर्गाचीं छायाचित्रें वांटीत असतां एका विद्यार्थिनीच्या मातोश्रींनीं विचारलें, "सर, ही आमचीच मुलगी का?" संगणकावर चित्र 'सुधारतांना' कोणी तरी तिची सांवळी कांति पार गोरी करून टाकली होती. मुलगी मात्र म्हणाली, "मला हेंच आवडतें." तिच्या या उत्तरामुळेंच हा लेख लिहावा लागत आहे.

संगणकावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. सामान्यतः प्रत्येक ठिपक्यांतील तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाचें प्रमाण ० ते २५५ या अंकांनीं लिहितात. फिल्टर लावणें अगर टोन बदलणें म्हणजे बहुधा हे अंक ठराविक नियमानें कमीजास्त करणें होय. चेहरा उजळतां उजळतां हे अंक २५५ ला जाऊन टेकले, म्हणजे तेथील बारकावे पुसले जातात व कोरा पांढरेपणा तेवढा उरतो.

म्हणून हें साधनच त्याज्य आहे, असें मात्र नव्हे. पांढऱ्या गणवेषावर ऊन पडलें असतां कॅमेरा त्या झळाळीच्या मानानें प्रकाश कमी घेतो, आणि सांवळे चेहरे असतात त्याहून काळे उमटतात. अशा वेळीं छायेचा भाग उजळून डोळ्यांना दिसलेला चेहरा परत आणणें हें सत्याला धरूनच आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनीं १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंत टिपलेल्या चंद्रोदयाच्या पुढील प्रतींत आकाश अधिक काळें केलें, ती कलावंताची निवड होती. तींत कोणा माणसाविषयीं खोटें सांगितलेलें नव्हतें.

परंतु १९९४ सालीं 'टाइम' साप्ताहिकानें खुनाचे आरोपी ओ. जे. सिम्प्सन यांचें पोलिसांनीं काढलेलें चित्र गडद करून मुखपृष्ठावर छापलें. त्याच आठवड्यांत 'न्यूजवीक'नें तेंच चित्र तसा बदल न करतां छापलें, व फरक उघड झाला. खटल्यापूर्वींच त्वचेच्या काळेपणाशीं अपराध जोडला गेला, अशी टीका झाली आणि संपादकांना खुलासा करावा लागला. तेथें काळ्या रंगाला गुन्हा चिकटला. आपण गोऱ्या रंगाला सौंदर्य चिकटवितों. दोहोंच्या मुळाशीं चूक एकच आहे.

खोटी साक्ष देण्याची मनाई दहा आज्ञांत आहे. ती केवळ जिभेपुरती आहे, असें मला वाटत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, प्रयोग अवश्य करा, पण ते नकलेवर करा व मूळ प्रत जपून ठेवा. पालकांनींही "चेहरा जरा उजळ करा" असें छायाचित्रकाराला सांगूं नये. तें वाक्य मूल शेजारीं उभें राहून ऐकत असतें, आणि आपला चेहरा दुरुस्त करण्याजोगा आहे हें तेथेंच शिकतें. मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपांत घडला, अशी आमची श्रद्धा आहे. त्या प्रतिरूपाला गोरेपणाच्या दुरुस्तीची गरज नाहीं.