‘तसलसुल’ कोण राखतं?

चित्रपटातल्या चुका शोधणं हा आता अनेकांचा छंद झाला आहे. नायकाच्या डाव्या हातातला पेला पुढच्याच क्षणी उजव्या हातात कसा गेला, नायिकेची ओढणी या खांद्यावरून त्या खांद्यावर कशी आली, असे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. मे २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या एका भागात मेजवानीच्या टेबलावर आजच्या काळातला कॉफीचा कप राहून गेला आणि जगभर हसं झालं. एचबीओने नंतर तो कप संगणकावर पुसून टाकला. पण याच मालिकेत इतकी वर्षं बाकीच्या हजारो वस्तू जागच्या जागी होत्या, त्या कोणी सांभाळल्या, असं कोणी विचारलं नाही.

हे सांभाळणाऱ्या माणसाला स्क्रिप्ट सुपरवायझर म्हणतात. सिनेमा पडद्यावर दिसतो त्या क्रमाने चित्रित होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी होतो आणि दार उघडून आत येणारा माणूस दाराबाहेर तीन आठवड्यांनी उभा राहतो. उर्दूत या सलगतेला ‘तसलसुल’ म्हणतात. आपल्या ओळखीचा ‘सिलसिला’ त्याच कुळातला, म्हणजे साखळी. सेटवर ही साखळी एका व्यक्तीच्या नोंदींवर टिकून असते.

या नोंदी म्हणजे कारकुनी आहे, हा मोठाच गैरसमज. चित्रीकरणाआधी ही व्यक्ती संहिता वाचून कथेतले दिवस मोजते आणि घड्याळ लावून प्रत्येक प्रसंगाची लांबी ठरवते. सेटवर नटाने कोणत्या शब्दाला कप उचलला, नजर कोणत्या दिशेला होती, कोणता शब्द गाळला, कितवा टेक दिग्दर्शकाला आवडला, हे सगळं टिपते. संहितेच्या पानावर ती उभ्या रेघा ओढते. बोलणारा कॅमेऱ्यासमोर असेल तिथे सरळ रेघ, नसेल तिथे नागमोडी. ते पान पाहून संकलकाला कळतं की कोणतं वाक्य कोणत्या कोनातून हाती आहे. संकलक सहसा सेटवर नसतो. त्याच्या वतीने तिथे हजर असते ती हीच व्यक्ती.

मूकपटांच्या काळात, १९१० च्या दशकात, हॉलिवूडमध्ये क्रमांक दिलेल्या तपशीलवार संहितेवरून काम सुरू झालं आणि या कामाची गरज वाढत गेली. पुढे बोलपट आल्यावर प्रत्येक शब्दाचा हिशेब ठेवणं भाग पडलं. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांकडे गेलं आणि नाव मिळालं ‘स्क्रिप्ट गर्ल’ किंवा ‘कंटिन्युइटी गर्ल’. मी भाषा शिकवते, म्हणून मला हे नाव खटकतं. कॅमेरा चालवणारा पन्नाशीतही कॅमेरामन असतो. वही सांभाळणारी मात्र पन्नाशीतही ‘मुलगी’च. एकदा ‘मुलगी’ म्हटलं की कौशल्य आपोआप ‘सवय’ ठरतं आणि पगारही त्याच मापाने मोजला जातो.

या ‘मुलीं’नी केलं काय ते पाहा. इंग्लंडच्या अँजेला अॅलन यांनी ‘द आफ्रिकन क्वीन’ची कंटिन्युइटी आफ्रिकेतल्या आजारपणाने ग्रासलेल्या चित्रीकरणात सांभाळली. पुढे जॉन ह्यूस्टन त्यांना पुन:पुन्हा बोलावत राहिले. बाफ्टाने त्यांचा सन्मान केला तो थेट २००५ मध्ये. फ्रान्सच्या सुझान शिफमन यांनी त्रुफो आणि गोदार यांच्यासोबत हेच काम करत सुरुवात केली. पुढे त्या त्रुफो यांच्या सहलेखिका झाल्या. ‘डे फॉर नाइट’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ‘ल दर्निए मेत्रो’साठी सेझार पुरस्कार. वर्षानुवर्षं संहितेची ओळ न् ओळ तपासणारी बाई पटकथा लिहू शकते, यात नवल ते काय? नवल इतकंच की बाकीच्या कितीजणींना कोणी विचारलंच नाही. स्क्रिप्ट सुपरवायझरच्या कामासाठी ऑस्कर आजही दिला जात नाही. अमेरिकेत यांची लोकल ८७१ ही कामगार संघटना आहे. तिच्या २०१८ मधल्या अहवालाने दाखवून दिलं की बहुसंख्य स्त्रिया असलेल्या या कामांना तोलामोलाच्या पुरुषी कामांपेक्षा कमी मोबदला मिळतो.

आपल्या मुंबईत काय? इथे हे काम परंपरेने सहायक दिग्दर्शकांपैकी एकाच्या, बहुधा सर्वांत नवख्याच्या, गळ्यात पडत आलं. त्याने क्लॅप द्यायचा, नटांना बोलवायचं आणि जमलं तर कंटिन्युइटीही पाहायची. याचं एक कारण मला डबिंगमध्ये दिसतं. संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलायचेच असतील तर सेटवर कोणता शब्द निसटला याची फिकीर कशाला? ‘लगान’ने २००१ मध्ये जागेवरच ध्वनी टिपला आणि त्यानंतर ही पद्धत वाढली. आता सेटवरचा शब्द तोच पडद्यावरचा शब्द. उर्दूच्या दृष्टीने तर हे फारच महत्त्वाचं आहे. ‘ज़लील’ म्हणजे अपमानित आणि ‘जलील’ म्हणजे थोर. एका नुक्त्याने अर्थ उलटतो. तो ऐकणारा कान चित्रीकरणाच्या वेळीच हजर हवा.

कोणी म्हणेल, आता मोबाइलने फोटो काढता येतो, टॅबलेटवर सगळ्या नोंदी होतात, मग वेगळा माणूस कशाला? फोटो हजार निघतील हो. पण पुढच्या शॉटसाठी त्यातलं नेमकं काय लागणार आहे, हे संहिता कोळून प्यायलेला माणूसच सांगेल. रोज एक भाग पुरवणाऱ्या मालिकांच्या धबडग्यात तर तो आणखी हवा.

शाळेतली मुलं स्नेहसंमेलनासाठी मोबाइलवर लघुपट करतात तेव्हा हीरो आणि दिग्दर्शक व्हायला रांग लागते. वही धरायला कोणी पुढे येत नाही. शेवटी ती एखाद्या ‘अक्षर चांगलं आहे’ अशा मुलीच्या हातात जाते. पडद्यामागची प्रतवारी मुलं इतक्या लवकर शिकतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हिंदी आणि मराठी निर्मात्यांनी हे स्वतंत्र पद मानावं, त्या व्यक्तीवर दुसरी चार कामं लादू नयेत, कौशल्याला साजेसा मोबदला द्यावा आणि श्रेयनामावलीत तिचं नाव वाचता येईल असं ठेवावं. प्रेक्षकांनीही चूक सापडली की जरूर हसावं. पण जो चित्रपट कुठेही न अडखळता पाहून झाला, त्याच्या शेवटी मिनिटभर थांबून हे एक नाव शोधून वाचावं.