आधी 'पण' शिकवावा

वर्गात कादंबरी शिकवायची म्हणजे आधी लेखकाचा जन्म-मृत्यू, मग कथासार, मग 'सामाजिक आशय', ही आपली जुनी वहिवाट. मुलं हुशार असतात हो. जे आधीच सांगून टाकलं, ते ती पुन्हा कशाला वाचतील?

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घ्या. ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकात क्रमशः छापून आली. म्हणजे यमूचं आता पुढे काय होणार, असा तर्क करत वाचकाला पुढच्या अंकाची वाट बघावी लागे. तेव्हा मुलांना तर्क करायला लावणं हे काही नवं शैक्षणिक खूळ नव्हे. ही कादंबरी मुळात वाचली गेली ती तशीच.

नोकरीत असताना मी मुलांना आधी फक्त नाव द्यायची. मग त्यातला 'पण' पुसायचा आणि विचारायचं, काय बदललं? 'लक्षात कोण घेतो?' एवढंच उरलं तर ती नुसती तक्रार. 'पण' आला की कळतं, कुणीतरी आधी पुष्कळ सांगून दमलेलं आहे. कोण असेल? पुरुष की बाई? लेखक पुरुष, पण सगळी हकिकत सांगते यमू, हे कळल्यावर मुलांना गंमत वाटायची.

मग फळ्यावर पाच शब्द. माहेर, सासर, मुंबई, वाचन, सोवळी. यांवरून गोष्ट रचा. बरीच मुलं मुंबई शेवटी ठेवायची, कारण मुंबई म्हणजे सुटका! 'सोवळी' म्हटलं की त्यांना पूजेचं सोवळं आठवायचं. नवरा गेल्यावर केस काढलेल्या बाईला त्या काळी 'सोवळी' म्हणत, हे सांगितलं की वर्ग गप्प. एवढा पवित्र शब्द आणि त्याच्या आड न्हाव्याचा वस्तरा! आता हा शब्द गोष्टीत कुठे येणार, या धास्तीनेच मुलं पानं उलटायची.

काही शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम संपवायचा की असले खेळ खेळायचे? शिवाय तर्क चुकला तर? चुकू दे की. ज्याने मुंबई शेवटी ठेवली, तोच पुढे विचारतो, 'असं का नाही झालं?' १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून केवढं वादळ उठलं होतं, ते सांगायची वेळ तेव्हा येते. तोवर ती माहिती नुसती सनावळी असते.

एक बाई आपली कर्मकहाणी सांगत बसली आहे आणि आपण तिला पाच ओळींच्या सारांशात कोंबून परीक्षेला बसवतो. मग तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं, तुम्हीच सांगा!