झेडपीच्या शिक्षकांकडे मोबाईल आहे, अ‍ॅप आहेत, मग अडतं कुठे?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम जगभर गाजलं. म्हणजे झेडपीच्या गुरुजींना तंत्रज्ञान जमत नाही, असं म्हणायची सोय उरली नाही. खरी अडचण वेळेची आहे.

एक मोबाईल, दोन कामं

शाळेत तंत्रज्ञान दोन वाटांनी आलं. एक वाट मुलांकडे जाते. पुस्तकातला कोड स्कॅन केला की 2017 मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा'वर धड्याचा व्हिडिओ दिसतो. दुसरी वाट वरच्या कार्यालयाकडे जाते: सरल, यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, अपार आयडी. आधारवरचं नाव शाळेच्या रजिस्टरशी जुळलं नाही की अपार आयडी अडकतो. मग पालकांना फोन करण्यापासूनचं सगळं शिक्षकांनाच करावं लागतं, कारण लहान शाळेत क्लार्क नसतो.

दोन शिक्षक, चार वर्ग

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट 60 पर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. त्यातले एक बीएलओच्या कामावर गेले, की पहिली ते चौथी दुसऱ्यांच्या गळ्यात. व्हिडिओ आधी पाहून ठेवणं, तो कुठे थांबवायचा आणि मुलांना काय विचारायचं हे ठरवणं, ही खरी तयारी. वेळ कमी पडला की आधी तीच सुटते.

कायदा काय म्हणतो?

याच कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका असं सांगतं. पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांना त्यातून सूट आहे. राज्य सरकारने 2024 मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची विभागणीही केली. पण अपार आयडी किंवा पोषण आहाराची नोंद मुलांशीच संबंधित असल्याने ती सरळ 'अशैक्षणिक' म्हणून नाकारणं कठीण जातं.

प्रशिक्षण वाढवून भागेल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. प्रशिक्षणातून अ‍ॅप कसं वापरायचं ते कळतं, पण वापरायला लागणारा वेळ मिळत नाही. त्यासाठी एक माहिती एकदाच भरून घेणं, केंद्रशाळेत डेटा एंट्रीला माणूस देणं आणि नवं अ‍ॅप आणताना जुनं कोणतं बंद होणार ते सांगणं गरजेचं आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेला स्मार्ट टीव्ही मिळाला का, हे तिथे विचारलं जातंच. तो वापरायला शिक्षकांना आठवड्यात किती तास मिळतात, हेही पुढच्या बैठकीत विचारायला हवं.