पहिल्या पगाराआधीच आरोग्याचे बिल

परदेशी विद्यापीठातून संशोधनाच्या नेमणुकीचे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात. चौकशी होते ती पगाराची, थंडीची आणि राहण्याच्या जागेची. आजारी पडल्यास खर्च कोण करणार, हा प्रश्न बहुधा व्हिसाचा अर्ज भरतानाच समोर येतो.

ब्रिटनचे उदाहरण पाहा. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी तेथे जाणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना व्हिसाच्या अर्जासोबतच ‘आरोग्य अधिभार’ भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ पौंड झाला. विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७७६. शिवाय ही रक्कम व्हिसाच्या संपूर्ण मुदतीची एकदम भरायची असते. तीन वर्षांच्या नोकरीसाठी पती, पत्नी आणि एक मूल निघाले, तर ८,५३८ पौंड, म्हणजे सुमारे नऊ ते दहा लाख रुपये होतात. तेही पहिला पगार हाती पडण्याआधी.

पैसे भरल्यावर सरकारी आरोग्यसेवा स्थानिकांप्रमाणेच मिळते. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणाचे बिल येत नाही. त्यामुळे हा सौदा अगदीच वाईट नाही. परंतु संशोधकाच्या पगारातून कर आणि राष्ट्रीय विम्याचा हप्ताही इतरांसारखाच कापला जातो. म्हणूनच ही दुहेरी वसुली असल्याची टीका होते. व्हिसाच्या या आगाऊ खर्चामुळे गुणी संशोधक दुसरीकडे वळतील, असा इशारा रॉयल सोसायटीनेही दिला आहे.

जर्मनीत आरोग्यविमा सक्तीचा आहे, पण हप्ता पगारातून जातो. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर थोडा अतिरिक्त हप्ता, आणि यातला निम्मा भार नोकरी देणारी संस्था उचलते. उत्पन्न नसलेला जोडीदार व मुले यांना वेगळा हप्ता न भरता संरक्षण मिळते. मेख आहे ती शिष्यवृत्तीत. प्रयोगशाळा तीच, काम तेच. पण नोकरीचा करार नसेल तर संस्थेचा वाटा नाही आणि विम्याची सोयही स्वतःच करायची. माक्स प्लांक संस्थेने २०१५ मध्ये पीएचडीच्या संशोधकांना शिष्यवृत्तीऐवजी करार देण्याचे ठरवले, ते अशा तक्रारींनंतरच.

म्हणून नुसते ‘विमा आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. करार आहे की शिष्यवृत्ती? कुटुंबाचा खर्च कोणाकडे? अधिभार संस्था परत देणार असेल, तर कधी? याची उत्तरे होकार कळवण्याआधी लेखी घ्यावीत.

धोरणकर्त्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अशी आगाऊ रक्कम ज्याला परवडते तोच येतो, आणि तोच सर्वांत हुशार असेल याची खात्री नसते.