पुरात धावणारे आपण, भिंतीपलीकडे का नाही?

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं तेव्हा आपली पोरं त्यात उतरली. कुणाचा धर्म विचारला नाही. कोरोनात जनाजे उचलले. याचा मला अभिमान आहे, म्हणूनच विचारतो: शेजारच्या घरातून बाईचं ओरडणं ऐकू येतं तेव्हा हीच पोरं टीव्हीचा आवाज का वाढवतात?

"मियाँ-बीवीचा मामला आहे." हे वाक्य मीही बोललोय. त्याहून वाईट केलंय. चार वर्षांपूर्वी साताऱ्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी बैठक बसली. मी इंजिनिअर, पुण्याहून सुट्टीला आलेला, लॅपटॉप सोबत. त्यामुळे करारनामा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. 'पत्नी परवानगीशिवाय माहेरी जाणार नाही' हे कलम माझ्याच बोटांनी टाइप झालं. नवऱ्याने हात उचलायचा नाही, असं कलम कुणी सांगितलं नाही आणि मी सुचवलं नाही. बैठकीत अकरा पुरुष. ती आत सगळ्यांचा चहा करत होती. पाच महिन्यांनी मनगट मोडलेल्या अवस्थेत ती सांगलीला माहेरी आली.

बुजुर्ग सूरह निसाच्या 35 व्या आयतीचा हवाला देतात. जरूर द्यावा. पण त्या आयतीत एक पंच नवऱ्याकडचा आणि एक बायकोकडचा सांगितलाय. त्या अकरांत तिच्या बाजूचा कोण होता? तिचे अब्बासुद्धा "निभावून घे" म्हणणाऱ्यांतच होते.

मग येते ती बदनामीची भीती. चॅनलवाले टपलेले आहेत, हे खरंच आहे. 2019 च्या तलाक कायद्याच्या वेळी आपल्या बायकांच्या दुःखाचा बाजार आपण पाहिलाय. पण कौमच्या इज्जतीचं ओझं तिच्या मोडलेल्या हातावर का टाकायचं? आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा वेगळा आहे. तो सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. अर्ज केला म्हणून निकाह तुटत नाही, नवरा लगेच तुरुंगात जात नाही. मारहाण थांबवण्याचा आदेश मिळतो, खर्ची मिळते, आणि घर तिच्या नावावर नसलं तरी सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळतो. ती जिथे तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. म्हणून साताऱ्याच्या सासरविरुद्धचा अर्ज सांगलीत करता आला.

याच कायद्याचं कलम 4 आपल्यासाठी आहे. हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दावा किंवा खटला होत नाही. 'आपण कोण सांगणारे?' ही सबब इथे संपते.

वकिलाला पैसे नाहीत, हीसुद्धा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांचं दलित महिला विकास मंडळ आहे, सांगलीत 'संग्राम' आहे. या संस्थांच्या बायका वर्षानुवर्षं हे काम करतायत. त्यांना जाऊन शहाणपण शिकवू नका (आपल्या इंजिनिअरांची ही खोड मला माहीत आहे), काय हवंय ते विचारा.

बहुतेक वेळा हवं असतं ते साधं. दवाखान्याचे कागद, निकाहनामा, आधार यांच्या झेरॉक्स नीट लावून देणं. रात्री अकराला फोन आला तर गाडी काढणं, सोबत आपली बहीण किंवा खाला घेऊन. तिने परत जायचं ठरवलं तर तोंड वाकडं न करणं. ती कुठे राहते हे कुणालाही, अगदी आपल्या जिगरी दोस्तालाही, न सांगणं. फोटो तर नाहीच, स्टेटसही नाही.

आणि तारखेला जाणं. आमच्या मुलीच्या पहिल्या तारखेला नवऱ्याकडून आठ जण आले होते, दोन गाड्या करून. जिन्याजवळ उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिच्यासोबत फक्त अम्मी होती, एसटीने आलेली. मी त्या दिवशी ऑफिसात होतो. पुढच्या तारखेला रजा टाकून गेलो, तिघांना सोबत नेलं. आम्ही बाकावर बसून राहिलो, बोललो कुणीच नाही. त्या दिवशी ती आत गेली आणि साहेबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने स्वतः उत्तर दिलं.